तिसऱ्या घंटेआधीचा घोळ

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या अंकाचा विषय: नाटक-सिनेमाच्या दुनियेत घडणारी विनोदी बीएल मंगा, म्हणजे दोन पुरुषांमधल्या प्रेमाची जपानी धाटणीची चित्रकथा

बहुतेक पत्रं 'काय वाचू' यापेक्षा 'कशी काढू' असं विचारणारी आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रंगमंच शोधायला लांब जावं लागत नाही. संगीत नाटकाची सुरुवात करून देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गणपती मंडळाचं नाटक, ऑर्केस्ट्रा, कॉलेजची एकांकिका हे सगळं हाताशी आहे. त्यामुळे तोक्योतला स्टुडिओ न पाहताही ही गोष्ट इथे बसून काढता येते.

प्रश्न: बीएल, शोनेन-आई आणि याओई हे एकच आहे की वेगळं? शोबिझनेसमधली विनोदी गोष्ट वाचायची तर सुरुवात कुठून करू? (शहापूर, बेळगाव)

तिन्ही शब्द एकाच घरातले, पण वयानं वेगळे. १९७० च्या दशकात जपानमधल्या मुलींच्या मासिकांत लेखिका-चित्रकर्त्यांनी दोन मुलांमधल्या प्रेमाच्या कथा काढायला सुरुवात केली. केइको ताकेमिया यांची 'काझे तो कि नो उता' १९७६ पासून क्रमशः आली आणि १९७८ मध्ये या विषयाला वाहिलेलं 'जुने' हे मासिक निघालं. त्या काळच्या कथांना शोनेन-आई म्हणतात. 'याओई' हा शब्द हौशी चित्रकारांनी स्वतःच्या कामाला दिला. 'यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी' या तीन शब्दगटांची ती आद्याक्षरं. म्हणजे ना कळस, ना शेवटचा टोला, ना अर्थ. बॉइज लव्ह, अर्थात बीएल, हे आजचं सर्वसमावेशक नाव.

यातला 'ओची' हा शब्द लक्षात ठेवा. जपानी कथाकथनात गोष्ट ज्या वाक्यावर येऊन आपटते आणि लोक हसतात, ती ओची. विनोदी बीएलमध्ये तिच्यावाचून चालत नाही, आणि पुढची बरीचशी उत्तरं तिच्याचभोवती आहेत.

वाचनासाठी दोन नावं. एइकी एइकी यांची कथा आणि ताइशी झाओ यांची चित्रं असलेली 'लव्ह स्टेज!!' २०१० पासून 'आसुका सिएल' मासिकात आली आणि २०१४ मध्ये तिची दहा भागांची अ‍ॅनिमे मालिका झाली. कलाकारांच्या घराण्यातल्या एका मुलाला स्वतःला मात्र मंगा काढायची आहे. लहानपणी एका जाहिरातीत त्यानं मुलीचा पोशाख घातलेला असतो. दहा वर्षांनी तीच जाहिरात, तेच कलाकार घेऊन पुन्हा करायचं ठरतं, आणि त्या जाहिरातीतला दुसरा मुलगा, जो आता नावाजलेला नट आहे, अजूनही 'त्या मुली'च्या प्रेमात असतो. बांधणी शिकायला ही उत्तम आहे, कारण दोघांना एका खोलीत आणणारी गोष्ट योगायोग नसून काम आहे. मात्र सुरुवातीच्या भागांत जबरदस्तीचा एक प्रसंग येतो. तो उचलू नका, त्याशिवाय ही गोष्ट उभी राहते. दुसरी, माकी मुराकामी यांची 'ग्रॅव्हिटेशन', १९९६ मध्ये सुरू झालेली, बारा खंडांची, गाण्याच्या धंद्यातली. आरडाओरडा, धावपळ आणि बदलणारे चेहरे कसे काढायचे, ते हिच्यात पाहा.

दोन्ही उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पानातल्या चौकटीही उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होतात आणि एका चौकटीतले संवादांचे फुगेही त्याच क्रमानं.

प्रश्न: मग आपली मराठी मंगाही उजवीकडून डावीकडे काढायची का? खरी मंगा तशीच वाटते. (टिळकवाडी)

नाही. देवनागरी ओळ डावीकडून उजवीकडे जाते. चौकटी उलट दिशेनं लावल्या, की डोळा फुग्यात एकीकडे आणि पानावर दुसरीकडे ओढला जातो, आणि विनोदाची वेळ हमखास चुकते. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो.

दुसरी चूक म्हणजे आधी उजवीकडून काढायचं आणि मग संगणकावर पान आरशासारखं फिरवायचं. जपानी चित्रांत तसं केलं की किमोनोची डावी बाजू वर असायची ती उजवी वर येते, आणि तसा किमोनो तिकडे मृतांना नेसवतात. आपल्याकडे नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरचा उजव्यावर जातो, नथ डाव्या नाकपुडीतून उजवीत जाते आणि तबलजीचा डग्गा उजव्या हाताखाली येतो. नाटकावरची मंगा असेल तर जाणता वाचक हे पहिल्या पानावर पकडेल.

प्रश्न: दोन गावांच्या दोन हौशी नाट्यसंस्था, दोघींचे नायक एकमेकांचं तोंड पाहत नाहीत आणि त्यांना एकत्र प्रयोग करावा लागतो, अशी कल्पना आहे. चाळीस पानं झाली तरी प्रेमाचा पत्ता नाही. चोवीस पानांत कशी बसवू? (निपाणी)

कल्पना सोन्यासारखी आहे आणि तिला मराठी रंगभूमीचा आधारही आहे. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. स्पर्धा, एकच तिकीट, दोन्हीकडचे चाहते आणि माघार घ्यायला जागा नाही: तुमच्या गोष्टीला जो ताण हवा तो सगळा या रचनेत तयार आहे. रचना जरूर घ्या, माणसं घेऊ नका. होऊन गेलेल्या किंवा हयात कलाकारांची प्रेमकथा रचणं बरोबर नाही. तुमची पात्रं, संस्था, नाटक सगळं नवं घडवा.

चाळीस पानं होतात, कारण सुरुवातीला दोन्ही संस्थांची सगळी माणसं ओळख करून देत बसतात. चोवीस पानांत नावानिशी चार माणसं पुरतात: ते दोघं, सगळ्यांवर ओरडणारा एक व्यवस्थापक आणि सगळं आधी ओळखणारं एक माणूस. हे शेवटचं पात्र वेशभूषा सांभाळणाऱ्या काकू असतील तर फार कामाचं, कारण त्या दोघांच्याही खोल्यांत जाऊ शकतात.

पानांची वाटणी अशी करून पाहा. पहिलं पान पूर्ण मेकअपच्या आरशाचं, एकच चेहरा, अर्धा रंगवलेला. दोन ते पाच, दोघांची टक्कर आणि संयुक्त प्रयोग का करावा लागतो ते. कारण एका वाक्यात मावलं पाहिजे: हॉलचं भाडं एकट्याला परवडत नाही, बस्स. सहा ते अकरा, तालमी. इथे तीन छोटे फजितीचे प्रसंग ठेवा आणि तिसऱ्यात पहिल्यांदा एकमेकांची काळजी दिसू द्या, बोलून नव्हे. एकाचा घसा बसलाय आणि दुसरा कुणालाही न सांगता हार्मोनियमवाल्याला पट्टी खाली घ्यायला लावतो, एवढं पुरे. बारा आणि तेरा ही समोरासमोरची पानं सर्वांत मोठ्या चित्रासाठी राखून ठेवा, कारण चोवीस पानी पिनांच्या पुस्तकात नेमकी हीच दोन पानं मधल्या एका सलग कागदावर येतात आणि चित्र शिवणीत तुटत नाही. चौदा ते एकोणीस, प्रयोगाचा दिवस आणि आयत्या वेळी भूमिकांची अदलाबदल. वीस ते बावीस, मुख्य घोळ. तेवीस जवळजवळ मूक. चोवीसवर ओची.

पान उलटणं हे तुमचं हत्यार आहे. विषम क्रमांकाचं पान उजवीकडे येतं, म्हणून त्याच्या शेवटच्या चौकटीत दार वाजू द्या, आणि दारात कोण आहे ते पुढच्या सम पानाच्या पहिल्या चौकटीत दाखवा. तेच चित्र समोरच्या पानावर आलं, तर वाचकाची नजर आधीच तिकडे गेलेली असते आणि हसू वाया जातं.

हे सगळं चित्र काढण्याआधी. जपानीत ज्याला 'नेमु' म्हणतात तो कच्चा आराखडा एका मोठ्या कागदावर चोवीस छोट्या डब्यांत करा, काड्यांची माणसं चालतील, पण संवाद मात्र पूर्ण लिहा. पानाला पाच-सहा चौकटी, एका फुग्यात पंधरा शब्दांच्या आत. आराखडा दोघांना वाचायला द्या आणि त्यांना काही समजावून सांगू नका. ते जिथे मागे उलटून पाहतील, तिथे तुमची गोष्ट अडकलेली आहे.

प्रश्न: दोन संस्थांच्या एकत्र प्रयोगात आयत्या वेळी भूमिका बदलतात, मग कॉलर माइक चालू राहतो आणि विंगेतलं बोलणं सगळ्या प्रेक्षकांना ऐकू जातं, असा प्रसंग काढलाय. नाटकातले मित्र म्हणतात, 'असं होतच नाही.' खरंच होत नाही का? (खानापूर)

होतं, पण तुमच्या चित्रात नट स्वतःच बटण बंद करायला विसरतो, आणि मित्रांना खटकतंय ते तिथे. चालू प्रयोगात नटाला बटणाला हात लावू देत नाहीत. कमरेला बांधलेला ट्रान्समीटर सतत चालू असतो आणि आवाज बंद-चालू करतो तो आवाजाच्या मिक्सरवरचा माणूस. नट विंगेत गेला की तो त्या नटाची, आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी खाली ओढतो. म्हणून चूक मिक्सरवर व्हायला हवी, आणि तुमच्या गोष्टीत तिचं कारण आयतं आहे. मिक्सरच्या पट्ट्यांखाली कागदी टेप चिकटवून नावं लिहिलेली असतात. एका संस्थेचा माणूस भूमिकेचं नाव लिहितो, दुसऱ्याचा नटाचं. आयत्या वेळी भूमिका बदलल्या आणि टेप तशीच राहिली, की तो अगदी बिनचूक काम करत चुकीचा माइक उघडा ठेवणार.

ती टेप प्रसंगाच्या आधी किमान तीन पानं एखाद्या चौकटीत सहज दिसू द्या. वाचकाला धोका आधी कळला पाहिजे, पात्रांना शेवटी. वाचक आणि पात्रं दोघांना एकदम कळलं तर फक्त धक्का बसतो. वाचकाला आधी कळलं, तर तो विंगेतल्या दोघांचं प्रत्येक वाक्य जीव मुठीत धरून वाचतो आणि तेवढ्याच जोरानं हसतो.

वस्तू नीट काढा. ट्रान्समीटर तळहातात मावेल एवढा डबा, त्यात सहसा दोन पेन्सिल सेल, वर छोटी अँटेना. नऊवारी नेसलेल्या नटाचा डबा कापडी पिशवीत घालून पाठीमागे कमरेला बांधतात, वायर पाठीवरून वर नेतात आणि माइकचं डोकं टोपाच्या कपाळाकडच्या कडेला केसांत लपवतात. घामानं माइक बसू नये म्हणून डब्याला पातळ प्लास्टिक गुंडाळतात. क्रम असा की आधी माइक, मग साडी, मग टोप. म्हणजे काढायचा तर उलटा क्रम, आणि तो दोन मिनिटांत होत नाही. 'काढ तो माइक' म्हटल्यावर ज्या झटापटीला निमित्त मिळतं, ती ओढूनताणून आणावी लागत नाही.

आणि त्यांना कळतं कसं? माइक स्वतःचाच आवाज ओकणाऱ्या स्पीकरजवळ गेला की शिट्टी घुमते. विंगेच्या आत खोलवर ती घुमत नाही, म्हणून सगळी कबुली निर्विघ्न बाहेर जाते. मग लाजेनं एक जण मागे सरकतो, रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरपाशी पोचतो आणि 'कूंऽऽऽऽ'. ही तुमची ओची. तिच्याआधी एक चौकट पूर्ण मूक, फक्त प्रेक्षागृह: दुसऱ्या रांगेत चुरमुऱ्यांचा हात तोंडाशी थांबलेला.

प्रश्न: माझा नायक स्त्रीपार्ट करतो. वर्गातल्या मुलांना मंगा दाखवली तर ती त्याच्या बायकी हातवाऱ्यांवरच हसतात. मला तसं हसू नको होतं. काय चुकलं? मी सतरा वर्षांचा आहे. (चिकोडी)

तुझ्या पाठवलेल्या चार पानांत नायक साडीत आला की प्रत्येक चौकटीत बाकीची पात्रं तोंडावर हात धरून हसताना काढली आहेस. वाचक त्यांच्याच मागे जातो. कुणावर हसायचं हे चित्रातली माणसं शिकवतात.

एक चाचणी सांगतो, प्रत्येक विनोदाला लाव. दोघांच्या जागी एक मुलगा आणि एक मुलगी आहे असं धर. विनोद तरीही चालला, तर तो प्रसंगातून आलाय. मेला, तर तो त्यांच्या असण्यावर होता, तो काढून टाक. पदर खुर्चीत अडकून खुर्चीसकट प्रवेश होणं दोन्हीकडे चालतं. 'बघा, कसा चालतो' हे चालत नाही.

स्त्रीपार्ट हे आपल्या रंगभूमीवर अवघड, मानाचं काम होतं. बालगंधर्वांच्या वेशभूषेचं अनुकरण त्या काळच्या घरंदाज बायका करत. तुझा नायक त्या कामात निष्णात दाखव. त्याच्या हातून फजिती न होता भोवतालच्यांची होऊ दे: व्यवस्थापक त्याला ओळखत नाही आणि 'बाई, कलाकारांनाच आत सोडतो' म्हणून अडवतो, दुसरा नायक संवाद विसरतो. कौशल्यावर वाचक आधी भाळला की मग तो त्याच्या बाजूनं हसतो.

नऊवारीचं चित्रही सुधार. तू ती घेरदार झग्यासारखी काढली आहेस. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यातला बराच भाग निऱ्यांत जातो आणि कासोटा दोन पायांमधून मागे खोचलेला असतो. म्हणून नऊवारीत पळता येतं, उडी मारता येते, जिना दोन-दोन पायऱ्या चढता येतो. पळताना पोटऱ्या दिसतात आणि मागे कासोट्याची उभी घडी. हे एकदा जमलं की पाठलागाचा प्रसंग आपोआप विनोदी आणि डौलदार होतो.

मोठं डोकं, ठेंगणं अंग असे जे गंमतीचे चेहरे तू वापरतोस ते पानाला एकापेक्षा जास्त नकोत. आणि प्रेम कबूल करण्याच्या चौकटीत तर मुळीच नकोत. तिथे खरे डोळे काढ.

तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस की नायक काढता काढता तो आपणच आहोत असं वाटायला लागलं आणि घरी कुणाला सांगता येत नाही. सांगण्याची घाई नाही, ते कधी आणि कुणाला हे तू ठरवायचं. वही घरी ठेवणं जड वाटत असेल तर विश्वासातल्या मित्राकडे ठेव. रात्री जीव फार कोंडला तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलता येतं. आणि मंगा काढत राहा, तुझा हात चांगला आहे.

प्रश्न: पावसाळ्यात शाई फुटते. उन्हाळ्यात त्याच कागदावर फुटत नव्हती. (जांबोटी, खानापूर तालुका)

घाटमाथ्यावरचा पाऊस तुमच्या खोलीत शिरतो, आणि कागद तो पितो. दमट कागदाचे तंतू फुगतात आणि शाई त्यांच्या वाटेनं पसरते. कागदाचा गठ्ठा घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा आणि काढायचं तेवढंच पान बाहेर घ्या. काढण्याआधी पान पाचेक मिनिटं टेबललॅम्पच्या गरम होणाऱ्या बल्बखाली धरलं तरी फरक पडतो. हाताखाली दुसरा कागद ठेवा, कारण तळहाताचा घाम आणि तेल हेही कारण असतं.

साधा कार्ट्रिज कागद खरबरीत असतो. निबेनं काढायचं तर गुळगुळीत, ब्रिस्टॉलसारखा, दीडशे ते दोनशे जीएसएमचा (चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) घ्या. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो स्पिरिटच्या फडक्यानं पुसला नाही तर शाई थेंबाथेंबानं उतरते आणि लोक शाईला दोष देतात. बाह्यरेषेला जी-निब, पापण्या आणि केसांना बारीक गोल निब. निब मिळत नसेल तर वॉटरप्रूफ पिगमेंटचे ०.३, ०.५ आणि ०.८ चे पेन. पान ए४ वर काढून ए५ वर छापणार असाल तर सगळं ७१ टक्क्यांवर येतं: ०.५ ची रेष ०.३५ होते आणि ०.१ ची झेरॉक्समध्ये नाहीशी होते. ०.२ च्या खाली जाऊ नका.

ठिपक्यांच्या राखाडी छटाही याच कारणानं बिघडतात. मूळ पानावर टोन लावून पान लहान केलं, की ठिपके एकमेकांत मिसळून लाटांसारखी जाळी दिसते. म्हणून फक्त रेषा ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, पान शेवटच्या आकाराला आणा आणि टोन त्यानंतर लावा. इंचाला साठ रेषांचा टोन आधीच लावला तर तो ७१ टक्क्यांवर पंचाऐंशीचा होतो, आणि साध्या यंत्रावर काळा डाग पडतो.

प्रश्न: फुग्यांत मराठी मावत नाही. शिवाय आमच्याकडे बोलताना कन्नड मध्येच येतं. ते ठेवू की काढू? (वडगाव, बेळगाव)

जपानी ओळ वरून खाली जाते म्हणून तिथले फुगे उभे आणि अरुंद. तेच फुगे पाहून काढले की देवनागरी त्यात गुदमरते. फुगा रुंद काढा, आणि अक्षरं आधी लिहून मग त्यांच्याभोवती फुगा काढा, उलट नको. छापील ए५ वर अक्षर ८ ते ९ पॉइंट, दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या जवळ, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. फुकट मिळणाऱ्या युनिकोड फाँटमध्ये हाताच्या लिखाणासारखा हवा तर 'कलम' (Kalam), गोलसर आणि ओरडण्यासाठी 'बलू' (Baloo), निवेदनासाठी 'मुक्त' (Mukta). फोनवरच्या काही चित्र-अ‍ॅप्समध्ये जोडाक्षरं फुटतात, 'प्रश्न' 'प्‌रश्‌न' होतो. सुरुवातीलाच 'क्ष, ज्ञ, त्र्य, र्‍या' टाइप करून पाहा. फुटत असतील तर संगणकावर क्रितासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं टाका.

कन्नड ठेवाच. या भागातल्या पात्रानं पुण्याच्या पुस्तकासारखं बोलणं हे जास्त खोटं. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद तुमच्या गल्लीतले: 'काय करतोयस'च्या जागी 'काय करूलालास', हाक मारताना 'काय गा'. लाइटवाला विंगेतून 'बर्री, बर्री' (या, या) म्हणेल, व्यवस्थापक 'सुम्निर्री' म्हणून सगळ्यांना गप्प करेल. प्रसंगावरून अर्थ कळेल तिथे तळटीप देऊ नका. कळणार नसेल तर चौकटीच्या खाली बारीक अक्षरांत चार शब्द. आणि भाषेचा उपयोग प्रेमासाठी करा: एक जण घाबरला की नकळत कन्नडमध्ये जातो आणि दुसऱ्याला ते येत नाही. तो चोरून शिकतो. वरच्या चोवीस पानी आराखड्यातल्या बाविसाव्या पानावर तो मोडक्या कन्नडमध्ये एकच वाक्य म्हणाला, तर तुम्हाला वेगळी कबुली लिहावी लागणार नाही.

आवाजांसाठी जपानी 'दोकी दोकी' कशाला? छातीला 'धडधड' आहे, टाळ्यांना 'कडकडाट', पडदा पडला की 'सर्रर्र', हार्मोनियमचा भाता 'फस्स्'. आपली भाषा यात श्रीमंत आहे.

प्रश्न: कायद्याची अडचण येते का? (बेळगाव, कॅम्प)

दोन प्रौढ पुरुषांची प्रेमकथा लिहिणं-छापणं गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मात्र मिळाली नाही, त्यामुळे गोष्टीच्या शेवटी लग्नाची नोंदणी दाखवू नका, हार घाला, जेवण घाला. अश्लील छपाई आणि विक्रीला भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ सगळ्यांना सारखंच लागतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पात्रं अठराच्या वरची ठेवा आणि ते गोष्टीत दिसू द्या: नोकरी, मतदानाची शाई, कॉलेज संपल्याचा उल्लेख. शाळकरी पात्रं प्रणयदृश्यात काढू नका, चित्र असलं तरी.

प्रश्न: पन्नास प्रती छापायच्या आहेत. छापखान्यात काय सांगू? (निपाणी)

एवढ्या प्रतींना डिजिटल छपाई सांगा. ऑफसेटला प्लेटचा खर्च पन्नास प्रतींत वसूल होत नाही. आकार ए५, आतली २४ पानं एकरंगी, ८० किंवा ९० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड, मध्ये दोन पिना. पानांची संख्या चारानं भागली गेली पाहिजे, कारण ए४ चा एक कागद दुमडला की चार पानं होतात. म्हणजे एका प्रतीला आतले सहा कागद आणि मुखपृष्ठाचा एक.

फाइल पीडीएफ, पान १५४ बाय २१६ मिलिमीटर, म्हणजे चारी बाजूंनी तीन मिलिमीटर कापण्यासाठी जास्त. ६०० डीपीआयवर हे ३६३८ बाय ५१०२ पिक्सेल होतं. फुगे आणि चेहरे बाहेरच्या कडेपासून दहा आणि शिवणीकडून पंधरा मिलिमीटर आत. पानं एकेक सुटी द्या, जोड्या छापखाना लावेल. तुम्ही बारा-तेरा जोडून दिलं आणि त्यांनी पुन्हा जोडलं, की सगळा क्रम विस्कटतो. काळं फक्त काळ्या शाईचं ठेवा, चार रंगांचं काळं आलं तर रेषांना लाल-निळी किनार दिसते.

पन्नास एकदम छापू द्यायच्या आधी एक प्रत पिनांसकट करून मागा. त्यात तीन गोष्टी पाहा: मधली बारा-तेरा जोडी सरळ बसली का, एकोणिसाव्या पानावरचा प्रश्न उलटल्यावरच सुटतो का, आणि मिक्सरवरची टेप वाचता येते का. टेप वाचता येत नसेल तर अक्षरं दीड पॉइंटनं मोठी करून ते एकच पान पुन्हा द्या.